मोठे चाक आणि घाटाचा चढ

(पांढुर्णा व सौसर या तालुक्यांतील संत्रा-उत्पादक, वाहनमालक, वाहनचालक, ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय प्रथमदर्शनी अगदी लहान वाटेल. ट्रकला कंपनीने दिलेल्या मापापेक्षा मोठे चाक व मोठा टायर बसविला, तर त्या ट्रकच्या वेग घेण्याच्या शक्तीवर काय परिणाम होतो, एवढाच हा प्रश्न आहे. परंतु या लहानशा प्रश्नात आपल्या भागाचे बरेच काही गुंतलेले आहे. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि पांढुर्णा व सौसर हे दोन तालुके त्यात आले. या दोन्ही तालुक्यांचा मोठा आधार म्हणजे संत्रा आणि कापूस. संत्र्याचा आंबिया बहार असो वा मृग बहार असो, फळ झाडावरून उतरले की त्याला थांबण्यास सवड नसते. ते नागपूरच्या कळमना बाजारात पोहोचावयाचे असते किंवा त्याहून दूर उत्तरेकडे जावयाचे असते. आणि त्याला नेणारे वाहन म्हणजे ट्रक.

आपल्या भागाची भूरचनाही ध्यानात घेतली पाहिजे. नागपूरच्या बाजूने येणारा रस्ता बराचसा सपाट. परंतु सौसरहून छिंदवाड्याकडे निघाले, की रामाकोना सोडल्यावर सिल्लेवानीचा घाट चढावा लागतो. पांढुर्ण्याहून मुलताईकडे निघाले, की तापीच्या उगमापर्यंत नेणारे सातपुड्याचे पठार चढावे लागते. म्हणजे आपला ट्रक एका बाजूस सपाटीवर आणि दुसऱ्या बाजूस चढणीवर, असा दोन्ही परीक्षांना बसतो. सपाटीवर जी चूक झाकली जाते, ती चढणीवर उघडी पडते. म्हणूनच हा विषय आपल्यापुढे मांडण्याचे योजिले आहे.

मी अभियंता नव्हे. प्रसिद्धी खात्यातील माणसाचे काम एवढेच, की जे तंत्रज्ञांना व अनुभवी मिस्त्रींना ठाऊक आहे ते सर्वांच्या भाषेत सर्वांपर्यंत पोहोचवावे. त्या मर्यादेतच मी बोलणार आहे.

बंडीचे चाक आणि ट्रकचे चाक

मोठे चाक चांगले, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे आणि ती खोटी नाही. आपल्या वाडवडिलांची बंडी पाहा. तिची लाकडी चाके माणसाच्या छातीला लागतील एवढी उंच असत. त्यास कारण होते. पावसाळ्यातील चिखल, उन्हाळ्यातील चाकोऱ्या, वाटेतील दगडधोंडे, या सर्वांवरून लहान चाकापेक्षा मोठे चाक सहज पार होते. लहान चाक खड्ड्यात पडते; मोठे चाक तो खड्डा ओलांडते. बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलप या पशुवैद्याने १८८८ साली हवेचा टायर तयार केला. पुढे त्याचेच नाव आपल्याकडील रबरी टायरच्या बंडीला चिकटले. रबरामुळे चाक लहान झाले तरी बंडी हलकी चालू लागली, ही गोष्ट निराळी. परंतु ‘चाक मोठे, तर ओढ हलकी’ हा अनुभव लोकांच्या मनात घट्ट राहिला.

हाच अनुभव ट्रकला लावला, म्हणजे घोटाळा होतो. का, ते नीट समजून घेऊ.

बंडीचे चाक कोणी फिरवीत नाही. बैल जू ओढतात, जुवामुळे धुरा पुढे जाते, धुरेबरोबर आस पुढे जातो आणि चाक आपोआप घरंगळते. चाकाचे काम फक्त अडथळा कमी करण्याचे. ट्रकचे मागील चाक मात्र तसे नाही. इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समधून, तेथून लांब दांड्यातून व मागच्या हौसिंगमधील दातेरी चक्रांतून आसाकडे येते आणि आस चाकाला पीळ देतो. त्या पिळामुळे चाक जमिनीला मागे रेटते व ट्रक पुढे जातो. थोडक्यात, बंडीचे चाक ओढले जाते आणि ट्रकचे चाक फिरविले जाते. ओढल्या जाणाऱ्या चाकाला मोठेपणा मानवतो. फिरविल्या जाणाऱ्या चाकाला त्या मोठेपणाची किंमत मोजावी लागते. आजच्या भाषणातून एकच वाक्य लक्षात ठेवावयाचे असेल, तर ते हे ठेवावे.

याचा दाखला आपल्या विहिरीवर आहे. रहाटाचा लाकडी गोल ज्याच्यावर दोर गुंडाळला जातो, तो जाड केला तर काय होईल? प्रत्येक फेरीत दोर अधिक गुंडाळला जाईल व घागर लवकर वर येईल. परंतु मुठीला हात घालणाऱ्या बाईला विचारा, ती सांगेल की रहाट जड झाला. गोल बारीक केला तर फेऱ्या अधिक माराव्या लागतील, पण हाताला हलके वाटेल. हात तेच, घागर तीच, विहीर तीच. बदलली ती गोलाची जाडी. ट्रकच्या टायरचे अगदी असेच आहे. टायर मोठा केला, की प्रत्येक फेरीत अंतर अधिक कापले जाते, परंतु जमिनीवरचा जोर कमी होतो. इंजिन तेच असते. त्याच्या हातात मात्र जड रहाट दिलेला असतो.

मापांचा हिशेब

आता थोडे आकडे पाहू. शिक्षक मंडळींनी ते फळ्यावर मांडण्याजोगे आहेत.

लहान मालवाहू ट्रकांना ७.५०-१६ या मापाचा टायर सर्रास असतो. त्याचा बाहेरचा व्यास सुमारे ८१ सेंटिमीटर भरतो. त्याहून मोठा ८.२५-१६ हा टायर घेतला, तर व्यास सुमारे ८६ सेंटिमीटर होतो. कंपनीप्रमाणे यात थोडाफार फरक पडेल. दोन्ही टायर १६ इंची रिंगचेच आहेत. त्यामुळे ‘बसला म्हणजे झाले’ असे वाटते. परंतु पहिल्या टायरची एक फेरी म्हणजे सुमारे २५४ सेंटिमीटर अंतर, आणि दुसऱ्याची म्हणजे सुमारे २७०. चाक सुमारे ६ टक्क्यांनी मोठे झाले. याचा अर्थ, त्याच गिअरमध्ये, त्याच इंजिनाच्या त्याच पिळावर, जमिनीवरचा जोर सुमारे ६ टक्क्यांनी कमी झाला. ट्रकचे सर्व गिअर एकदम थोडे थोडे ‘उंच’ करून टाकल्यासारखेच हे होय.

कोणी म्हणेल, सहाच टक्के ना? शंभरातले सहा गेले, चौऱ्याण्णव उरले. त्यात एवढे काय?

येथेच खरी मेख आहे. संसाराचे उदाहरण घेऊ. एखाद्या घरी महिन्याला ४५० रुपये येतात व ३६० रुपये खर्च होतात, असे समजा. शिल्लक ९० रुपये. आता मिळकत सहा टक्क्यांनी, म्हणजे २७ रुपयांनी घटली. खर्च मात्र तोच राहिला. शिल्लक किती? ६३ रुपये. मिळकत घटली सहा टक्क्यांनी, पण शिल्लक घटली तीस टक्क्यांनी! घरात नवे काही करावयाचे असेल, तर ते मिळकतीतून होत नाही, शिलकीतून होते.

ट्रकचा वेग वाढतो तोही शिलकीतूनच. मालासह ६ टन वजनाचा ट्रक दर वीस मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर आहे असे धरा. त्या चढावर त्याला नुसते सरकत राहण्यासाठी ३०० किलोचा जोर लागतो. टायर व रस्ता यांच्या घर्षणासाठी आणखी सुमारे ६० किलो. हा झाला ३६० किलोचा खर्च. त्या गिअरमध्ये चाकांकडून जमिनीवर ४५० किलोचा जोर मिळत असेल, तर ९० किलो शिल्लक राहते. चालक ज्याला ‘पिकअप’ म्हणतात आणि शाळेच्या पुस्तकात ज्याला ‘त्वरण’ म्हणतात, ते या शिलकीवर अवलंबून असते. टायर मोठा केला, की जोर ४२३ किलोवर येतो आणि शिल्लक ६३ वर. म्हणजे पिकअप तीस टक्क्यांनी घसरला.

हाच हिशेब काळाच्या व अंतराच्या भाषेत मांडला तर तो अधिक बोलका होतो. वाऱ्याचा अडथळा बाजूस ठेवू. अशा चढावर ताशी २० किलोमीटरवरून ४० किलोमीटर वेग गाठण्यास मूळच्या टायरवर सुमारे ३८ सेकंद लागतील व तेवढ्यात सुमारे ३१५ मीटर रस्ता कापला जाईल. मोठ्या टायरवर सुमारे ५४ सेकंद लागतील आणि रस्ता लागेल सुमारे ४५० मीटर. हे १३५ मीटर अधिक कोठून आणावयाचे? घाटात तेवढा मोकळा व दिसणारा रस्ता दोन वळणांच्या दरम्यान नेहमी असतोच असे नाही. चालकाचा हात व नजर जुन्या पिकअपच्या सवयीने पुढच्या गाडीला ओलांडावयास निघते आणि गाडी तो शब्द पाळीत नाही. समोरून बस येत असेल, तर हा पाच सेंटिमीटरांचा फरक माणसांच्या जिवाचा प्रश्न होतो.

आता यात आणखी एक टन माल घाला. मोठा टायर घालण्यामागे पुष्कळदा तोच हेतू असतो. चढावर खर्च ६० किलोंनी वाढून ४२० होतो. मूळच्या टायरवर ३० किलो शिल्लक राहिली असती. मोठ्या टायरवर राहते फक्त ३ किलो. गाडी चालते आहे, पण वेग घेत नाही. थोडा खड्डा आला की दम तोडते. मग चालक खालचा गिअर घालतो, इंजिन गरम होते, मागे वाहनांची रांग लागते. चढावर उभी गाडी पुन्हा उचलताना क्लच अर्धा दाबून धरावा लागतो व क्लचप्लेट जळते. बाजारात संत्रा उशिरा पोहोचतो तो वेगळाच.

रेल्वेचा धडा

हे तत्त्व नवे नाही. आपल्या दारावरून जाणाऱ्या रेल्वेने ते फार पूर्वी ओळखले होते. पांढुर्णा हे नागपूर-इटारसी या ब्रॉडगेज मार्गावरील स्थानक. भारतीय रेल्वेवर वाफेच्या इंजिनांच्या दोन प्रसिद्ध जाती होत्या. प्रवासी गाड्यांसाठी डब्ल्यूपी आणि मालगाड्यांसाठी डब्ल्यूजी. डब्ल्यूपीची चालक चाके ५ फूट ७ इंच व्यासाची, तर डब्ल्यूजीची ५ फूट दीड इंच. वाफेच्या इंजिनाला गिअरबॉक्स नसतो. दट्ट्याचा दांडा थेट चाकाला जोडलेला असतो. त्यामुळे वेग हवा की ओढ हवी, हे चाकाच्या मापावरूनही ठरवावे लागे. प्रवासी गाडी हलकी व वेगवान, तिला मोठे चाक. मालगाडी जड, ती जागेवरून हलली पाहिजे व चढ चढली पाहिजे, म्हणून तिला लहान चाक.

सौसरच्या लोकांना तर दुसरेही उदाहरण आठवेल. नागपूर-छिंदवाडा ही अडीच फूट रुंदीची छोटी रेल्वे २०१५ पर्यंत सौसर, रामाकोना या स्थानकांवरून चालत होती. आता तेथे ब्रॉडगेज आहे. त्या छोट्या गाडीचा वेग फार नव्हता, पण लहान चाकांवर ती सातपुडा चढत असे. आणि आजच्या विजेच्या शक्तिमान इंजिनांच्या काळातही बैतूलपलीकडील धाराखोह-मरामझिरी घाटात जड गाड्यांना जादा इंजिने जोडतात. चढ हा कोणाचीच भीड ठेवीत नाही.

मग ट्रॅक्टरचे काय?

येथे एखादा चाणाक्ष शेतकरी मला अडवील. तो म्हणेल, ‘साहेब, ट्रॅक्टरची मागची चाके तर ट्रकहून केवढी तरी मोठी आहेत, आणि ओढण्यात ट्रॅक्टरचा हात कोण धरील?’ शंका रास्त आहे. तिचे उत्तर असे, की ट्रॅक्टरचे चाक मोठे ठेवताना त्याच्या दातेरी चक्रांची रचनाही तशीच केलेली असते. इंजिनाच्या पुष्कळ फेऱ्या झाल्या म्हणजे कोठे चाकाची एक फेरी होते. मऊ जमिनीत रुतू नये व पकड मिळावी म्हणून चाक मोठे केले, आणि त्यामुळे जो जोर कमी झाला असता तो चक्रांच्या रचनेने भरून काढला. बदल्यात वेग सोडून दिला. ट्रॅक्टर नांगर ओढतो, पण महामार्गावर ट्रकबरोबर धावू शकत नाही.

तात्पर्य, मोठे चाक हा दोष नाही. चाक आणि गिअर यांची जोडी तोडणे हा दोष आहे. वाहन बनविणारी कंपनीही काही वेळा एकाच ट्रकचे दोन प्रकार देते. एकास मोठा टायर, दुसऱ्यास लहान. परंतु त्यासोबत मागच्या हौसिंगमधील क्राउन-पिनियनचे प्रमाण, ब्रेक व कमानपट्टे यांचा मेळ तिने घातलेला असतो. आपण बाजारातून नुसता टायर आणतो, तेव्हा तो मेळ आणीत नाही.

वजनाची बाजू

मोठा टायर जडही असतो, आणि ते वजन चाकाच्या कडेला असते. कुंभाराचे चाक आठवा. त्याची कड जड असते, म्हणून ते फिरविण्यास कष्ट पडतात आणि एकदा फिरले की लवकर थांबत नाही. गाडी पुढे नेताना कडेच्या वजनाला दोनदा मजुरी द्यावी लागते, एकदा पुढे नेण्याची व एकदा फिरविण्याची. म्हणूनच शंकरपटात छकडी होईल तितकी हलकी ठेवतात. तेथे सर्व खेळ काही क्षणांत वेग घेण्याचा असतो. तथापि अतिशयोक्ती करू नये. सहा टनांच्या भरलेल्या ट्रकमध्ये टायरांच्या ४०-५० किलो जादा वजनाचा परिणाम थोडा आहे. खरे नुकसान होते ते वाढलेल्या व्यासामुळे. पिकअप कमी झाल्याचे कारण ‘टायर जड आहे’ असे समजून हलक्या कंपनीचा पण तेवढाच मोठा टायर घेणारा मालक रोग सोडून औषध घेतो.

उतार अधिक धोक्याचा

आतापर्यंत चढाविषयी बोललो. परंतु जो घाट चढतो त्याला तो उतरावाही लागतो, आणि उतरताना होणारी चूक सुधारण्यास वेळ मिळत नाही.

ब्रेक चाकाच्या मध्याजवळ धरतो, आणि रस्ता त्या चाकाला कडेला धरून फिरवीत असतो. चाक मोठे झाले, की रस्त्याच्या हाती लांब पहार आली. ब्रेकच्या त्याच दाबाला मिळणारा रोध सुमारे ६ टक्क्यांनी कमी होतो. उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला मागे खेचून धरते. तो आधारही घटतो. मग चालक ब्रेकवर अधिक वेळ पाय ठेवतो, ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक नीट धरीत नाहीत. छिंदवाड्याकडून सिल्लेवानीचा घाट उतरणाऱ्या भरलेल्या ट्रकच्या बाबतीत याचा अर्थ काय, हे येथील चालकांना मी सांगावयास नको.

जुने चालक एक नियम सांगत आले आहेत: ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. तो आजही खरा आहे. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करून उतरविणे म्हणजे चार पैशांसाठी जीव गहाण टाकणे होय.

शिवाय मागच्या जोडचाकांतील फट कमी होते, टायर एकमेकांस घासतात, मध्ये दगड अडकतात. गाडी उसळली की टायर मडगार्डला लागतो. पुढचे चाक पूर्ण वळविल्यावर कोठे तरी घासते. संत्र्याचा उंच भार भरलेल्या गाडीचा तोलही थोडा वर जातो. ही सर्व लहान लहान नुकसाने एकत्र येऊन मोठी होतात.

मीटर आणि कायदा

वेग दाखविणारे मीटर चाकाचे माप जाणत नाही. ते फेऱ्यांवरून वेग ठरविते. टायर ६ टक्क्यांनी मोठा असेल, तर मीटरवर ६० दिसत असताना गाडी ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने चाललेली असते. १ ऑक्टोबर २०१५ पासून तयार झालेल्या बहुतेक मालवाहू वाहनांना ताशी ८० किलोमीटरची वेगमर्यादा राखणारे यंत्र असते. तेही या फसवणुकीत सापडते व गाडी ८५ च्या जवळ जाऊ शकते. उलट, प्रत्यक्ष १०० किलोमीटर अंतर मीटर ९४ दाखविते. मालक लिटरमागे किती अंतर पडले याचा हिशेब त्यावर करतो आणि चालकावर डिझेलचा संशय घेतो. मापाची चूक माणसाच्या माथी येते, ती अशी.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा बदल वाहनात करता येत नाही. मालवाहू वाहनाच्या नोंदणीत प्रत्येक आसावरील टायरांची संख्या व माप लिहिलेले असते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ लावताना उत्पादकाच्या मूळ तपशिलांना महत्त्व दिले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीवाचून केलेल्या अशा प्रत्येक बदलासाठी मालकास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि हेही ध्यानात असू द्यावे, की टायर मोठा घातल्याने प्रमाणपत्रातील भारक्षमता एका किलोनेही वाढत नाही. भार एकटा टायर उचलीत नाही. तो आस, कमानपट्टे, सांगाडा आणि ब्रेक मिळून उचलतात.

करावयाचे काय?

वाहनमालकांना माझी विनंती आहे, की टायर घेण्यापूर्वी नोंदणी प्रमाणपत्र व कंपनीचे माहितीपुस्तक पाहावे आणि त्यातीलच माप घ्यावे. जोडचाकांत एक नवा व एक झिजलेला किंवा दोन वेगळ्या मापांचे टायर घालू नयेत. मोठ्यावर सर्व भार येतो. झिजलेल्या टायरचा व्यास थोडा कमी होतो आणि गाडी किंचित चपळ वाटते, म्हणून तो वापरीत राहणे हा शहाणपणा नव्हे. ट्रकच्या टायरवरील नक्षीची खोली नियमाप्रमाणे १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. पिकअप हवा असेल, तर हवेचा दाब, एअर फिल्टर, क्लच व भार या चार गोष्टी आधी तपासाव्यात.

चालक बंधूंना सांगणे आहे, की नव्या मालकाची गाडी हाती घेताना टायरचे माप पाहून घ्यावे. ते मोठे असेल, तर ओलांडण्याचे अंतर वाढले आहे आणि मीटर कमी वेग दाखवीत आहे, हे समजून चालावे. आणि मालकास तसे सांगावे. सांगण्यात संकोच नसावा, कारण स्टिअरिंगवर हात आपला असतो.

बागायतदारांनी भाडे ठरविताना ‘किती माल बसेल’ एवढेच विचारू नये. ‘नोंदणीप्रमाणे किती बसतो’ असे विचारावे. जादा भराचा आग्रह पुष्कळदा माल पाठविणाऱ्याकडूनच होतो, मग मालक मोठ्या टायरकडे वळतो. हंगामात ग्रामपंचायतींनी व परिवहन खात्याच्या अधिकाऱ्यांनी भरणीच्या ठिकाणीच समजुतीने तपासणी केली, तर नंतरच्या दंडापेक्षा ती अधिक फलदायी होईल.

आणि शिक्षक मित्रहो, हा धडा आपल्या शाळेच्या अंगणात शिकविता येतो. उभ्या ट्रकच्या टायरवर व जमिनीवर खडूने खूण करावी, चालकाकडून गाडी एक फेरी पुढे घ्यावी, मुलांना बाजूस सुरक्षित उभे करून मग ते अंतर मोजावे. दोन वेगळ्या मापांच्या गाड्यांचे आकडे घेतले, की परीघ, टक्केवारी आणि त्वरण हे तिन्ही धडे एका खडूत होतात. ज्या मुलाने हा हिशेब आज केला, तो उद्या आपल्या वडिलांना टायर घेताना दुकानात विचारील, ‘बाबा, हे माप प्रमाणपत्रात आहे का?’ कायद्याच्या कलमापेक्षा त्या प्रश्नाचे वजन घरात अधिक पडेल.

बंधुभगिनींनो, आपल्या पूर्वजांनी बंडीला उंच चाक लावले, ते बैलांचे श्रम ओळखून लावले. तोच विवेक आज इंजिनाच्या बाबतीत दाखवावयाचा आहे. ओढणाऱ्याला काय मानवते व फिरविणाऱ्याला काय मानवते, हे ओळखून चाकाचे माप ठेवावे. बागेतील संत्रा वेळेवर बाजारात पोहोचो, आणि तो नेणारा चालक वेळेवर घरी परतो, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.